बी-ट्वेल्वचा मायक्रोनीडल पॅच आणि नागपूरचा पावसाळा: प्रोजेक्टच्या नोंदी

९ जून

विषय फायनल झाला एकदाचा. बी-ट्वेल्व जीवनसत्त्व भरलेल्या, त्वचेत विरघळणाऱ्या बारीक सुयांचा (मायक्रोनीडल) पॅच. मला इन्सुलिन करायचं होतं पण आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या आधी असं औषध घे जे डोळ्याला दिसतं. बी-ट्वेल्व गडद लाल असतं, म्हणजे सुईच्या टोकापर्यंत पोचलं की नाही ते साध्या मायक्रोस्कोपखाली कळतं, आणि युव्ही प्रकाश शोषण्याचा त्याचा स्वच्छ पीक ३६१ नॅनोमीटरला येतो, त्यामुळे औषध मोजायला एचपीएलसी मशीनवर आपला नंबर लागायची वाट पाहत बसायची गरज नाही. पटलं.

ज्युनियर विचारतात म्हणून इथेच लिहून ठेवतो की सुई लागतेच कशाला. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा आहे (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर), पण औषधाला अडवणारा मेन दरवाजा तोच. साध्या चिकटवायच्या पॅचमधून जायला रेणू ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आत पाहिजे, थोडा तेलाशी मैत्री असणारा पाहिजे आणि डोसही कमी पाहिजे. म्हणून अमेरिकेत १९७९ला पहिला पॅच मंजूर झाला तो स्कोपोलामाइनचा, नंतर निकोटीन वगैरे आले, पण इतक्या वर्षांतही ती यादी काही फार लांबली नाही. बी-ट्वेल्व १३५५ डाल्टनचं आणि वरून पाण्यात विरघळणारं, म्हणजे दोन्हीकडून बाद. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची सुई मात्र हा थर सहज ओलांडते, खाली ओलाव्यात विरघळते आणि औषध तिथेच सोडते.

१४ जून

मोल्डची शोधाशोध चालू आहे. रेडीमेड मोल्ड परदेशातून येतात, किंमत पाहून टॅब बंद केला.

मेकॅनिकलच्या दोस्ताकडे रेझिनवाला थ्रीडी प्रिंटर आहे, त्याच्यावर सुया प्रिंट करून त्यावरून पीडीएमएसचा (एक सिलिकॉन रबर) साचा काढायचा हा पहिला प्लॅन होता. दोन अडचणी. एक म्हणजे त्या प्रिंटरचा पिक्सेल ५० मायक्रॉनचा, त्यामुळे टोक त्याहून बारीक येणं अवघड, आणि बोथट टोक म्हणजे त्वचा फक्त दबणार, भोक पडणार नाही. दुसरी म्हणजे रेझिनमधे उरलेलं मोनोमर (न जुळलेले सुटे रेणू) पीडीएमएसला सेट करणाऱ्या प्लॅटिनम कॅटलिस्टला मारतं, मग साचा प्रिंटला लागून असतो तिथेच चिकट राहतो, सेट होत नाही. प्रिंट युव्हीखाली आणि ओव्हनमधे भरपूर भाजला की दुसरी अडचण सुटते पण पहिली तशीच राहते.

वाचताना एक गोष्ट फार आवडली. अशा सुयांची कल्पना अमेरिकेतल्या एका पेटंटमधे १९७६लाच आहे, गर्स्टेल आणि प्लेस यांच्या नावावर. पण इतकं बारीक बनवायचं कशानं? १९९८ला जॉर्जिया टेकच्या लोकांनी चिप बनवायच्या तंत्रानं सिलिकॉनच्या सुया केल्या आणि त्वचेची पारगम्यता कितीतरी पटींनी वाढलेली दाखवली, तेव्हा कुठे हे क्षेत्र खऱ्या अर्थानं सुरू झालं. बावीस वर्षं आयडिया तयार होती, हत्यार नव्हतं.

१९ जून

हत्यार बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात सापडलं! नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणारं दुकान, त्यांच्याकडे ॲक्रिलिक कापायचं सीओटू लेझर आहे. लेझरचा झोत मधे जास्त तापतो आणि कडेला कमी, त्यामुळे एका जागी मारला की खड्डा आपोआप कोनासारखा होतो, वर रुंद आणि खाली निमुळता. आपल्याला तर साचाच पाहिजे, म्हणजे तो खड्डा हीच आपली उलटी सुई.

कॉलेजातून पीडीएमएसच्या सपाट चकत्या करून नेल्या होत्या (बेस आणि क्युरिंग एजंट १०:१, ओव्हनला ८० डिग्रीवर २ तास). दुकानवाले काका आधी म्हणाले भाऊ रबरावर काय होत नाही, धूर होईल फक्त. मग स्वतःच इंटरेस्ट घेऊन पॉवर कमी-जास्त करून पाहत राहिले. शेवटी जमलं ते असं की एकाच बिंदूवरून वेगवेगळ्या कोनातून रेघा मारायच्या, सगळ्या रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे खड्डा सगळ्यात खोल आणि टोकदार होतो. त्यांनी कोरलड्रॉमधे चांदणीसारखं डिझाइन केलं, १० बाय १० ची जाळी. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळंच दिले.

लेझर मारल्यावर भोकांत पांढरी भुकटी बसते, ती सिलिका असते, सिलिकॉन रबर जळून झालेली. ती काढल्याशिवाय मोल्ड वापरूच नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे घालून सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी साफ करणारं मशीन) लावा, दोनदा लावलं तर अजून चांगलं.

मोल्ड उभा कापून मायक्रोस्कोपखाली पाहिला, खोली ७०० मायक्रॉनच्या आसपास, तोंड ३०० मायक्रॉन. कडा थोड्या ओबडधोबड आहेत, टोक मस्त आहे.

२४ जून

आज फक्त हिशोब. हा भाग कोणी स्किप करू नका, कारण पॅच चालणार की नाही ते इथेच ठरतं.

एक सुई म्हणजे शंकू: तळ ३०० मायक्रॉन, उंची ७००. घनफळ ०.०१६५ घन मिलिमीटर. १०० सुया मिळून १.६५ घन मिलिमीटर, म्हणजे १.६५ मायक्रोलिटर. बस्स इतकीच जागा! पूर्ण ठासून भरल्या तरी सुयांचं वजन २ मिलिग्रॅमच्या आसपास आणि त्यात १० टक्के औषध धरलं तर २०० मायक्रोग्रॅम. पण ठासून भरत कुठे? आपण द्रावण ओततो, पाणी उडून जातं, मागे थोडंसंच उरतं. बी-ट्वेल्व पाण्यात मिलिलिटरला साधारण १२ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे एका भरण्यात सगळ्या १०० सुयांत मिळून २० मायक्रोग्रॅम. चार वेळा भरून वाळवलं तर ८०.

आणि दवाखान्यात मिळणारं बी-ट्वेल्वचं इंजेक्शन बऱ्याचदा १००० मायक्रोग्रॅमचं असतं.

हा आकडा पाहून पार्टनर म्हणाला विषय बदलू. पण शरीराची रोजची गरज पाहा, २ ते अडीच मायक्रोग्रॅम. इंजेक्शनचा मोठा डोस रिकामी झालेली टाकी भरायला असतो आणि त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघूनही जातं. ८० मायक्रोग्रॅमचा पॅच टाकी भरणार नाही, पण एकदा भरलेली टाकी टिकवायला कागदावर तरी महिनाभर पुरतो. म्हणून प्रोटोकॉलमधे 'इंजेक्शनला पर्याय' हे शब्द खोडले आणि 'मेंटेनन्स डोस' लिहिलं. माझं मत आता पक्कं होत चाललंय की सुईत मावेल ते औषध आणि तो उपयोग शोधायचा, इंजेक्शनचा डोस सुईत कोंबायला जायचं नाही.

मग सुया लांब का नाही करायच्या, जागा वाढेल ना? तर २००८ला माणसांवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात सुईची लांबी तिप्पट केली तर वेदना सातपट झाली, आणि सुयांची संख्या दहापट केली तर वेदना दुपटीहून थोडीच जास्त. म्हणजे वाढवायचीच असेल तर संख्या वाढवा. पण फार दाटीवाटीनं लावल्या तर दाब सगळ्यांत वाटला जातो आणि एकही नीट घुसत नाही. आम्ही दोन सुयांत १ मिलिमीटर अंतर ठेवलंय.

२ जुलै

भरायला घेतलं. सोडियम हायलुरोनेटच्या (सुई ज्याची बनते ते, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) द्रावणात बी-ट्वेल्व. पीडीएमएसला पाणी आवडत नाही त्यामुळे द्रावण भोकाच्या तोंडाशी थांबतं आणि टोकात हवा अडकते, अशा सुया वाळल्यावर वरून ठीक दिसतात आणि टोकच नसतं. डेसिकेटरला (कोरडं ठेवायचं हवाबंद भांडं) व्हॅक्यूम लावून बुडबुडे निघेपर्यंत ठेवलं, मग सेंट्रिफ्यूजमधे मोल्ड तळाशी सपाट बसवून फिरवला. दोन्ही केलं तरच टोकं भरतात.

लाईटपासून जपा, बी-ट्वेल्व उजेडात खराब होतं. डेसिकेटरला काळं कापड गुंडाळलंय.

८ जुलै

टोकं लाल, एकदम सुरेख. मग पाठीचा थर (सगळ्या सुयांना धरून ठेवणारा) ओतला, पीव्हीए या पॉलिमरचं पाण्यातलं द्रावण, आणि सकाळी बघतो तर सुया गुलाबी आणि पाठ लालभडक. पाण्यामुळे वाळलेली टोकं परत भिजली आणि औषध वरच्या थरात चढून गेलं. हा या क्षेत्रातला जुना त्रास आहे, पेपरमधे ग्राफ असतो, इथे रंगामुळे समोर दिसला. रंगीत औषध घ्यायचा मॅडमचा आग्रह किती बरोबर होता ते आज कळलं, कारण बिनरंगाचं औषध असतं तर थेट रिलीजच्या टेस्टपर्यंत पत्ता लागला नसता. त्वचेत जातात सुया, पाठ बाहेरच राहते. पाठीतलं औषध म्हणजे वाया.

उपाय: पाठीसाठी पाणी नकोच. पीव्हीपी हे दुसरं पॉलिमर अल्कोहोलमधे विरघळतं, हायलुरोनेट अल्कोहोलमधे विरघळत नाही, म्हणजे टोकं जागची हलणार नाहीत. अब्सोल्यूट अल्कोहोलमधे घट्ट पीव्हीपी करून ओतलं. रंग बऱ्यापैकी टोकात राहिला, सीमारेषेवर किंचित गुलाबी पट्टा दिसतो, तो चालेल.

१५ जुलै

दोन दिवस झडी लागलीये. लॅबमधला हायग्रोमीटर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दाखवतोय. डेसिकेटरमधून पॅच काढला, फोटो घेतले, पार्टनरशी बोलत होतो तेवढ्यात पॅच हाताला मऊ लागायला लागला. सुया बोटानं दाबल्या तर वाकल्या, मोडल्या सुद्धा नाहीत. जुलैत डब्याबाहेर राहिलेला पापड जसा सादळतो तसं सगळं सादळलं.

कारण पीव्हीपी. हवेतलं पाणी इतकं ओढतं की पाठ चिकट होते, पाठीकडून ओलावा सुयांत जातो. जूनच्या सुरुवातीला हीच सुई कडक राहिली असती, तेव्हा इथली हवा कोरडी भट्टी असते. मला वाटतं परदेशातल्या एसी लॅबमधे बसून लिहिलेल्या बऱ्याच रेसिपी आपल्याकडे जुलैत चालणार नाहीत आणि हे कोणी तरी इथे करून बघायलाच पाहिजे. मेमधे पारा ४५च्या पुढे, दोन महिन्यांनी हवेत पाणीच पाणी. विदर्भात टिकला तो पॅच कुठेही टिकेल.

आता पेच असा की पीव्हीए ओलावा कमी ओढतं पण पाण्यातून ओतावं लागतं, म्हणजे औषध परत वर चढणार. पीव्हीपी अल्कोहोलमधून ओतता येतं पण सादळतं.

१७ जुलै

आर्द्रतेसाठी महागडा चेंबर लागत नाही. हवाबंद बरणीत तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडचं ठेवलं की ३३ टक्क्यांवर. दोन बरण्या, आत जाळीवर पॅच, आधी आणि नंतर वजन. ३३वाल्या बरणीतले पॅच दुसऱ्या दिवशीही टणक. ७५वाले तासाभरात मऊ.

मॅडमना दाखवलं तर लगेच म्हणाल्या इथाइल सेल्युलोज का नाही बघत? अल्कोहोलमधे विरघळतं, पाण्याला विचारत नाही, आणि आपल्या स्टोअरमधे डबा पडलेला आहे. नुसतं वापरलं तर थर ठिसूळ होऊन तडकतो म्हणून थोडं ट्रायइथाइल सायट्रेट, आणि सुयांना धरून राहावं म्हणून थोडंसं पीव्हीपी. पाठ तशीही त्वचेत जाणार नाही, सुया विरघळल्यावर ती सोलून टाकायची आहे, मग ती पाण्यात विरघळायची गरजच काय?

२८ जुलै

नवीन पाठ उत्तम निघाली. आज पॅराफिल्मची (लॅबमधली मेणासारखी पातळ फिल्म) टेस्ट. पॅराफिल्मच्या ८ घड्या एकावर एक, प्रत्येक साधारण १२५ मायक्रॉनची, हे त्वचेऐवजी वापरायचं ठरलेलं मॉडेल आहे. टेक्स्चर ॲनालायझरवर (ठरलेल्या जोरानं दाबणारं मशीन) ३० न्यूटन, अर्धा मिनिट. अंगठ्यानं दाबून साधारण किती जोर लागतो ते समजायचं असेल तर वजनकाट्यावर अंगठा दाबून ३ किलो आणून बघा, तेवढंच.

मग एकेक थर सोडवून भोकं मोजायची. कोरडा पॅच: पहिल्या दोन थरांत जवळपास पूर्ण जाळी, तिसऱ्यात बरीचशी, चौथ्यात तुरळक. म्हणजे ३७५ मायक्रॉनच्या पुढे सुई पोचते. पूर्ण ७०० जात नाही आणि जाणारही नाही, थर दबतो, त्वचाही दबते. भोकांच्या काठाला लाल ठिपके राहिलेत, खिडकीकडे धरून पाहिलं तर लाल टिपक्यांची रांगोळी काढल्यासारखी दिसते, फोटो काढून ग्रुपवर टाकला.

७५ टक्क्यांच्या बरणीत तासभर ठेवलेला नवीन पॅच: दोन थर पूर्ण. जुन्या पीव्हीपी पाठीचा: पहिल्याच थरात अर्धीमुर्धी भोकं. हाच फरक पाहिजे होता.

६ ऑगस्ट

सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या सरांनी सरळ विचारलं, बी-ट्वेल्वच्या गोळ्या मिळतात, मग पॅच कशाला? प्रश्न रास्त आहे. १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर पचनाची यंत्रणा बिघडलेली असली तरी साधारण १ टक्का शोषला जातोच, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, रोजची गरज भागली. मी म्हटलं सर, गोळी रोज आठवणीनं घ्यावी लागते. माझ्या आत्याला डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, त्या घेतल्या जात नाहीत, मग पातळी घसरली की पुन्हा इंजेक्शनचा कोर्स, आणि दर वेळी ती आदल्या रात्रीपासून धास्ती घेऊन बसते. महिन्यातून एकदा घरीच दाबायचा पॅच तिच्यासारख्यांना कामाचा आहे. आणि दुसरं, बी-ट्वेल्ववर शिकलेलं सगळं, टोक भरणं, पाठ, ओलावा, हे लसीला तसंच्या तसं लागू पडतं.

लसीचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. डोस मायक्रोग्रॅममधला, म्हणजे सुईत मावतो. २०१७ला अमेरिकेत १०० लोकांवर फ्लूच्या लसीच्या पॅचची चाचणी लॅन्सेटमधे आली, लोकांनी स्वतःच्या हातानं लावला तरी चाललं, आणि तो पॅच ४० डिग्रीला वर्षभर टिकत होता. २०२४ला गॅम्बियात लहान बाळांना गोवर-रुबेलाचा पॅच लावून बघितला, तोही सुरक्षित आणि लस लागू पडलेली. आता आपल्याकडे गडचिरोलीत किंवा मेळघाटात एएनएम ताई (आरोग्यसेविका) आइसपॅकचा डबा घेऊन जातात, गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाण्यात मिसळली की ४ तासांत वापरा नाही तर फेका. तिथे ना डबा ना कुपी ना सुई, फक्त पाकीट!

इन्सुलिनबद्दल पण विचारलं. १० युनिट म्हणजे ०.३५ मिलिग्रॅमच्या जवळपास, सुया वाढवून मावेलही. पण १०० पैकी १५ सुया नीट घुसल्या नाहीत तर बी-ट्वेल्वला काही फरक पडत नाही, इन्सुलिनला पडतो. मॅडमनी ते का टाळलं ते मला आता कळून राहिलंय.

२५ ऑगस्ट

पोळा, मारबत झालं, लॅब उघडली. डुकराच्या कानाची त्वचा परवानगीचं पत्र घेऊन आणली, माणसाच्या त्वचेला ती बरीच जवळची. केस काढून, खालची चरबी खरवडून, सलाइनमधे. पॅच दाबून ठेवला, काढला, मेथिलीन ब्लू लावून पुसलं: निळ्या ठिपक्यांची जाळी स्पष्ट. इथे लाल रंगाचा उपयोग नाही, गुलाबी कातडीवर तो दिसतच नाही.

काढलेल्या पॅचवर सुयांच्या जागी बुटके खुंट उरलेत, टोकं विरघळलीत. ५ मिनिटांत खुंट मोठे, २० मिनिटांत जेमतेम. फ्रान्झ सेलमधे (मधे त्वचा अडकवून खाली किती औषध उतरतं ते मोजायचं काचेचं भांडं) पण तेच दिसलं: सुयांमधून बी-ट्वेल्व खाली फॉस्फेट बफरमधे उतरतं, आणि तेवढंच बी-ट्वेल्व नुसतं त्वचेवर लावलेल्या सेलमधे ३६१ला रेघ जवळजवळ सपाट.

४ सप्टेंबर

पाकिटांचं काम. इतवारीतल्या पॅकिंगवाल्याकडून आतून प्लास्टिक असलेले ॲल्युमिनियम फॉइलचे पाऊच आणले, हीट सीलर कॉलेजचा. प्रत्येकात सिलिका जेलची पुडी. साध्या प्लास्टिक झिपलॉकवर विश्वास ठेवू नका, त्यातून ओलावा हळूहळू आत येतो, तुलनेसाठी काही पॅच मुद्दाम त्यात ठेवलेत.

४० डिग्री आणि ७५ टक्क्यांवर ओव्हनमधे मिठाच्या बरणीसकट लावले, मिठाचं द्रावण ४० डिग्रीलाही ७५च्या जवळच राहतं. महिन्याच्या महिन्याला काढून तीन गोष्टी बघायच्या: पॅराफिल्मचे किती थर, ३६१ला किती औषध उरलं, वजन किती वाढलं.

पाऊच फोडल्यावर किती वेळात लावायचा ते पण ठरवायचंय. पावसाळा आहे तोवर उघड्या लॅबमधे, पंखा चालू, खिडकी उघडी ठेवून हीच टेस्ट करणार, एसी बंद. पाऊच फोडून २, ५, १० आणि २० मिनिटं उघडे ठेवलेले पॅच पार्टनर पॅराफिल्मवर दाबेल, मी भोकं मोजीन. बर्डीच्या काकांकडे १५ बाय १५ च्या जाळीचा मोल्ड टाकलाय, परवा मिळेल.